एफीमावशीचं वाण

ग्लासगोत वैजयंतीच्या शेजारी एफी राहायची. सत्तरी ओलांडलेली, एकटी, आणि जिभेवर आजीकडून आलेले जुने स्कॉट्स शब्द. आभाळ दिवसभर राखाडी नि रडवेलं असलं की ते ‘ड्रीख’. धरू की सोडू असं मनाचं झालं की ‘स्विदर’.

वैजयंती पुण्याची, भाषाशास्त्रात एम.ए. पोळ्या लाटता लाटता एकेका शब्दाचं कूळ शोधायची. ‘थोल’ म्हणजे निमूट सोसणं. त्याचं मूळ सापडलं तेव्हा पिठाच्या हातांनीच ती कुंपणाशी गेली.

“एफीमावशी, तुमचं थोल आणि आमचं तोलणं भावंडं आहेत! भार पेलण्याच्या एकाच धातूतून आलेली.”

“मग आपणही नात्यातल्याच की गं, हेन!” हेन म्हणजे कोंबडी, ग्लासगोत बायकांना लाडानं तसंच हाकारतात.

यंदा जानेवारीत एफीनं सांगितलं, “घर विकलं. इंग्लंडात मेडनहेडला लेकीकडे चालले. नातवंडं माझ्या बोलण्याला हसतात. लेक म्हणते, मम, इथे नीट बोल. मग मी तिथे गप्पच बसेन म्हणते.”

एफी आणि गप्प? वाणासाठी आणलेले प्लास्टिकचे डबे वैजयंतीनं माळ्यावर टाकले.

“संक्रांतीचं वाण यंदा तुम्ही लुटायचं. हातावर तिळगूळ, कानात एक शब्द.”

हळदीकुंकवाला आलेली मैत्रीण रश्मी कुजबुजली, “अगं, पण त्या विधवा ना?”

“मग? कपाळ आहे ना त्यांना?” वैजयंतीनं पहिलं कुंकू एफीलाच लावलं.

एफी एकेकीच्या कानाशी वाकली. रश्मीच्या वाट्याला थोल आला. अर्थ ऐकून ती म्हणाली, “मी नागपूरची. पुण्याला सासरी माझ्या ‘करून राहिली’ला इतके हसले, की मी ते टाकूनच दिलं. मावशी, तुम्ही नका टाकू.” आणि परतीचं वाण म्हणून तिनं तिचं ते टाकलेलं बोलणं एफीला शिकवलं. घोकून घोकून दोघी हसत सुटल्या.

निघायच्या दिवशी सामान गाडीत चढलं. एफी मागे बसून घराकडे बघत होती.

“मम, अशी गप्प का?” लेकीनं विचारलं.

एफीनं काच खाली केली आणि कुंपणापलीकडच्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बोलून राहिली ना मी, हेन!”

लेक वैजयंतीकडे बघत राहिली. रश्मीनं आधी डोळे पुसले, मग नाक.