चपलांची रांग

धरणगावात आमच्या शाळेसमोर ज्याचं दुकान आहे, तो टेलर तोंडात टाचण्या धरून बोलतो, म्हणून कमीच बोलतो. मतदानाच्या दिवशी शाळेतलं मशीन बंद पडलं. बायका रांगेत चपला ठेवून लिंबाखाली बसल्या. काहीजणी चपला उचलून कापूस वेचायला निघाल्या. त्यानं दुकानातूनच फोटो काढला आणि टाचण्या हातात घेऊन मला म्हणाला,

"भाऊ, फेसबुकवर तुमच्या नावानं टाका ना. माझं नाव पाहून लोकं मशीन विसरतील."

"बघू," मी म्हणालो.

मग त्यानं स्वतःच टाकला. तासाभरात दुसरं मशीन आलं. फोटोखाली मात्र लोक लिहीत राहिले, 'मियाँला मतदान बिघडवायचंय.' मी बाजूच्याच पुरुषांच्या रांगेत उभा होतो. 'फोटो खरा आहे' एवढंही मी लिहिलं नाही.