खालापूरहून आणलेला भोपळ्या

आता तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. मी एकदा मांजर पळवलंय. दिवसाढवळ्या, खालापुरातून, डोक्याला हेल्मेट घालून.

झालं असं, भिसेगावात आमच्या घरी भोपळ्या नावाचा पिवळा बोका आहे. आमच्या जुन्या लाकडी कपाटात झोपणं हा त्याचा धंदा. ते कपाट आम्ही टेंपोने खालापूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे, मंगलकडे पाठवलं आणि त्याच दिवशी भोपळ्या गायब.

दोन्ही मुली जेवेनात. धाकटी तर त्याच्या रिकाम्या वाटीपाशीच बसून राहिली. घास माझ्याही घशाखाली उतरत नव्हता, पण बापाने तसं दाखवून चालतं का?

मंगलला फोन केला.

"कपाटात नाही रे दादा. पण मागच्या भिंतीवर एक पिवळं मांजर बसलंय खरं."

याहून मोठा पुरावा कुठला हवा? वेताची झाकणवाली टोपली मोटरसायकलला बांधली आणि निघालो. मंगलच्या घरात पाऊलही न टाकता थेट मागे गेलो. भिंतीवर साक्षात भोपळ्या! हाक मारली, त्याने ओळख दाखवली नाही. उचलला, तर दोन्ही हात ओरबाडले. म्हटलं, रागावलाय. कपाटाबरोबर पाठवून दिला, मग रागावणारच.

चौक गावच्या रस्त्याने तो घरापर्यंत ओरडत आला. मुलींनी टोपली उघडली, तसा फिस्कारून थेट पलंगाखाली.

बायको वाकून बराच वेळ बघत राहिली.

"अहो, हा आपला भोपळ्या नाही."

"प्रवासाने चेहरा उतरलाय त्याचा."

"चेहरा उतरेल हो. पोट कसं वाढलं?"

"मंगलने खायला घातलं असेल."

"ही मांजरी आहे. गाभण आहे."

मी पलंगाखाली वाकलो, तोच मंगलचा फोन. "दादा, मागच्या घरातल्या आजी रडतायत रे. त्यांची चिमी कुणीतरी हेल्मेटवाल्याने उचलून नेली म्हणे."

आपली मुलं उपाशी म्हणून मी दुसऱ्याच्या घरची पोटुशी उचलून आणली होती.

तेवढ्यात शेजारच्या कांबळे वहिनी कोंडाण्याहून, माहेराहून परतल्या. त्यांनी दार उघडलं आणि आतून भोपळ्या आळस देत बाहेर आला. त्या निघताना हा त्यांच्या माळ्यावर झोपला होता, कोंडलाच गेला. माळ्यावरचे उंदीर खाऊन चांगला सुटलाही होता. मुलींनी त्याला असं कवटाळलं, की माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं.

पण अजून खालापूर बाकी होतं.

आजी दारातच बसल्या होत्या. टोपली पुढे ठेवली आणि सगळं खरं खरं सांगून टाकलं. म्हटलं, काय शिव्या द्यायच्या त्या देतील. पण त्यांनी आधी चिमीला मांडीवर घेतलं, पोटावरून हात फिरवला, मग माझे ओरबाडलेले हात बघितले.

"हळद लाव रं त्याला," त्या म्हणाल्या. "माझी चिमी घरी आली, माझा काय राग नाय."

मला हायसं वाटलं. पाया पडून उठणार, तोच त्यांनी विचारलं,

"पोरं हायत का तुला?"

"दोन मुली आहेत, आजी."

"शाळंतून आणाया कोन जातं?"

"बायको जाते."

"बरं हाय," आजी म्हणाल्या. "तिलाच जाऊ दे."