मागच्या खोलीतली करवत

मशीन शेडमध्ये बसणार हे आधीपासून ठरलेलं होतं. त्यासाठी अंगणापलीकडच्या शेडमध्ये नवा कोबा घातला, पत्रे बदलले, ट्यूबलाइट लावली. आमचे हे सुतारकाम करतात. घर इथं कानडी मुलखात, मल्लेश्वरमच्या जुन्या गल्लीत, पण कामं इलेक्ट्रॉनिक सिटीकडची. तिथं फ्लॅटांमध्ये पुण्या-मुंबईकडची नोकरदार माणसं राहतात, त्यांची कपाटं आणि स्वयंपाकघरं हे बनवतात. त्या लोकांना लॅमिनेटची कड जरासुद्धा उडालेली चालत नाही, आणि हातातल्या कटरनं ती उडतेच. म्हणून ह्यांनी टेबल सॉ घेतला. खाली लोखंडी पेटी, तिच्यात मोटर, वर बिडाचं जाड टेबल आणि टेबलाच्या मधून वर येणारं करवतीचं गोल पातं.

मला मशीनबद्दल काही म्हणायचं नव्हतं. आईची खाट मागच्या खोलीत आहे तिथंच राहावी, एवढंच मला हवं होतं.

आई जतकडच्या आमच्या गावात एकटी राहायची. मला भाऊ नाही. गेल्या वर्षी ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण कुणी धरल्याशिवाय तिला उठता येत नाही. तिला इथं आणायचं का, असं मी ह्यांना विचारलं तेव्हा उत्तर ह्यांच्या थोरल्या बहिणीनं दिलं. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, आणि हे घर त्यांच्या शब्दावर चालतं. "आण की," अक्का म्हणाल्या. "मागची खोली अडगळीसाठीच आहे."

त्या खोलीला लागून स्वयंपाकघर, मधल्या दाराला नुसता पडदा. आईचा आवाज माझ्यासारखाच खालचा, आजारपणानं आणखी खाली गेलेला. पण खाट दाराशीच होती. तिनं "बाई" म्हटलं की कुकरच्या शिटीतही मला कळायचं. मी गॅस बारीक करायची, तिला धरून मोरीत न्यायची. उशीर झाला की तिला धरवत नाही. ऐकू येणं आणि वेळेवर जाणं, एवढ्यावर आम्हा दोघींचं या घरात निभत होतं.

होसकोट्याच्या गोडाऊनमधून टेम्पो आला. फळ्यांचं मोठं खोकं, सोबत दोन हमाल. खोकं चाकांच्या ट्रॉलीवर घेऊन ते बाजूच्या बोळातून मागं आले. शेडकडं जाताना अंगणात गटारावर एक फरशी आहे. एका हमालानं तिच्यावर पाय देऊन बघितला आणि मान हलवली.

टेम्पोवाला म्हणाला, "सार, ये टूटेगा. इधरच जोड लो. बाद में खिसकाना."

"सरी," हे त्याला बरं म्हणाले आणि आमच्याकडं वळले. "तात्पुरतं मागच्या खोलीत घेऊ."

तात्पुरतं म्हणाले म्हणून मी गप्प राहिले. उंबऱ्यावर फळ्या टाकून खोकं आत ढकललं. दाराच्या चौकटीचा रंग दोन्ही बाजूंनी खरवडून निघाला, इतकं ते जेमतेम बसलं. आईनं खाटेवर अंग चोरलं.

खोकं उघडलं तसे थर्माकोलचे दाणे सगळीकडं उडाले. आईच्या केसांत, गाऊनवर, पांघरुणावर. अक्का दारात उभ्या होत्या. त्या आईला विहीणबाई म्हणतात.

"अगंबाई, विहीणबाईंवर अक्षता पडल्या की. पुन्हा उभ्या राहताय का बोहल्यावर?"

"उभं राहता आलं तर राहतील ना," हे म्हणाले.

सगळे हसले. टेम्पोवाल्याला मराठी कळत नव्हतं, तोही हसला. आईसुद्धा हसली आणि केसांतले दाणे वेचून मुठीत धरून बसली, खाली टाकले तर कचरा होईल म्हणून.

हमालांनी पेटी उचलून जमिनीवर ठेवली आणि ते टेम्पोबरोबर गेले. खोलीत आम्ही घरचेच राहिलो. टेबलाला गंज लागू नये म्हणून कारखान्यातून ग्रीस थापून देतात. वरचा तेलकट कागद काढला तर खाली पिवळं ग्रीस, बोटाच्या पेराएवढं जाड. ह्यांनी थिनरचा डबा आणला आणि म्हणाले, "मऊ सुती फडकं बघ. नायलॉन चालणार नाही."

मी जुना टॉवेल आणायला निघाले. अक्कांनी मला थांबवलं. खाटेखालची आईची पत्र्याची पेटी त्यांनी पायानं पुढं ओढली, उघडली आणि हिरवं नऊवारी लुगडं बाहेर काढलं. आईच्या अंगावर अर्धं आयुष्य गेलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

"विहीणबाई, हे घेऊ ना? आता काय करायचंय तुम्हाला लुगडं. गाऊनमध्ये कशी फिरंगीण दिसता."

"घ्या की," आई म्हणाली.

अक्कांनी काठाला दात लावला आणि लुगडं उभं फाडलं. सूत चांगलं होतं, पटकन फाटेना, म्हणून एक टोक त्यांनी आईच्याच हातात दिलं. "ओढा जरा. तेवढाच व्यायाम." आईनं ओढलं. मी ग्रीस पुसत होते. एकेक तुकडा काळापिवळा होत गेला तसा मी खाली टाकत गेले. आई त्या ढिगाकडं न बघता माझ्या हाताकडं बघत होती. मी नीट पुसते आहे की नाही, एवढंच ती पाहत होती. ती म्हणाली, "कोपऱ्यात राहिलंय बाई."

मग ह्यांनी नटबोल्टच्या पिशव्या तिच्या मांडीवर ओतल्या. लहान-मोठे वेगळे करायला सांगितलं. आईला काम मिळालं याचा तिला आनंद झाला. हे हात पुढं करायचे आणि ती बोल्ट उचलून विचारायची, "हा का जावईबापू?"

"नाही मामी. डोळ्यांचंही ऑपरेशन करू या का?"

ती दुसरा उचलायची.

मधलं टेबल पेटीवर आधीच बसवलेलं होतं. त्याला दोन बाजूंना बिडाच्याच दोन जड फळ्या जोडायच्या होत्या. हे त्यांना पंख म्हणत होते. पहिला पंख हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आलं. पंख सुटे असतानाच खोकं दाराची चौकट खरवडत आत आलं होतं. पंख लावल्यावर मशीन या दारातून बाहेर कसं जाईल?

मी बोलत नाही फारसं. पण तेव्हा विचारलं. "अहो, हे लावल्यावर दारातून निघेल का?"

"कुठं जायचंय त्याला?"

"शेडमध्ये. तुम्ही म्हणाला होता."

हे काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "बघ रे, इंजिनिअर बोलली. चौथीत गणिताला चांगले मार्क होते वाटतं."

"लावलेलं काढता येतं," हे म्हणाले. "धर नीट. हलू नकोस."

मी पंख खालून दोन्ही तळव्यांवर पेलला. हे पलीकडून बोल्ट आवळत होते आणि लाकडी हातोडीनं पंख ठोकून मधल्या टेबलाच्या सपाटीला आणत होते. "स्वल्प वर. खाली घे. खाली म्हणजे कुठं कळतं का तुला?" बिडाची कड अंगठ्याच्या मुळाशी रुतत होती. हात सोडले असते तर पंख ह्यांच्या पायावर पडला असता. तो विचार मनात आला, आणि तो करताना मला बरं वाटलं. पण धरून राहिले. तसाच दुसराही धरला.

शेवटी ह्यांनी अॅल्युमिनियमची लांब पट्टी टेबलावर आडवी, कडेवर उभी धरली आणि पलीकडून मोबाइलची बॅटरी लावली. पट्टीखालून केसभरही उजेड आला नाही, इतकं टेबल सपाट बसलं होतं. ह्यांचा चेहरा असा उजळला, की लग्नाच्या फोटोतही तसा नाही.

"असं बसलेलं कुणी परत उकलतं का?" हे म्हणाले. मला नाही, मशीनलाच म्हणाले.

तेव्हा शेडचा विषय संपला. मेन बोर्डही याच भिंतीला आहे, वायर जवळ पडते, हे कारण त्यांना नंतर सुचलं.

पातं टेबलाखाली उतरवून ठेवलं होतं, वीज अजून जोडायची होती. ह्यांनी प्लायची अख्खी शीट आणली आणि जागा पुरते का बघायला टेबलावरून पुढं सरकवली. शीट पलीकडच्या टोकाला खाटेपाशी पोचली.

"मामी, पाय घ्या."

आईनं चांगला पाय वर घेतला. दुसरा तिनं दोन्ही हातांनी उचलून घेतला, एखादी वस्तू उचलावी तसा. शीट खाटेवर आली.

"आणखी घ्या."

ती भिंतीला टेकली. शीटची कड तिच्या पोटाला लागून थांबली. हे दुसऱ्या टोकाला शीट धरून, एक डोळा मिटून अंदाज घेत उभे. आई मधे तशीच, पोटावर प्लाय घेऊन, दोन्ही हात वर धरून. तिच्या मुठीत अजून थर्माकोलचे दाणे होते.

"अजून हातभर लागेल," हे म्हणाले.

"भिंत काही सरकायची नाही," अक्का म्हणाल्या. "म्हातारी सरकते."

मी ह्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, हे निदान शीट मागं घेतील. आधी आई बोलली.

"मी शेडात पडते की. नवा कोबा केलाय, गार असेल."

"बघा," हे म्हणाले. "मामींना किती कळतं."

"नवीकोरी खोली मिळाली हो," अक्का म्हणाल्या. "आमच्या आईच्या नशिबी नव्हती."

मला आईचाच राग आला. अक्कांचा येतो त्याहून जास्त आला. तिनं एकदा नाही म्हटलं असतं तर मी तिच्यामागं उभी राहिले असते, असं मला वाटत होतं. ते खरं होतं की नाही, ते बघायची वेळच आली नाही. मी म्हणाले, "तिची हाक ऐकू येणार नाही."

"काय पुटपुटतेस?" अक्का म्हणाल्या.

"काही नाही."

संध्याकाळी ह्यांनी आणि मी खाट नेली. मग मी आईला धरून नेलं, मशीनचं वजन न सोसणाऱ्या त्याच फरशीवरून. तिच्या आणि माझ्या वजनानं ती हललीसुद्धा नाही.

वायरमन येऊन गेला. अक्कांनी मशीनला हळदकुंकू लावलं, लिंबू कापलं, आणि काम सुरू झालं. मशीन चालू असलं की स्वयंपाकघरातली भांडी कंप पावतात. हे एक शीट कापायचे, बटण बंद करायचे, माप घ्यायचे, पुन्हा चालू करायचे. आईला दोन दिवसांत ते समजलं. ती आवाज थांबायची वाट बघायची आणि मधल्या शांततेत हाक मारायची. मीही त्या वेळी हातातलं काम थांबवून कान देऊन उभी राहायची. पलीकडून अगदी बारीक "बाई" यायचं. मी धावायची.

अक्कांच्या ते लक्षात आलं. एकदा जेवताना म्हणाल्या, "मशीन बंद झालं की म्हातारी चालू होते. दोन्हीला एकच स्विच आहे का रे?"

ह्यांना हसताना ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी मधे बटण बंद करणं सोडलं. सारखं बंद-चालू केल्यानं मोटर खराब होते, म्हणाले. माप घेतानाही पातं फिरत असतं. सकाळी चालू झालेला आवाज जेवायच्या वेळेला थांबतो, आणि जेवण झालं की पुन्हा संध्याकाळपर्यंत चालतो.

बटण बंद करणं सोडलं त्या पहिल्या दिवशी मी भात उतरवून शेडमध्ये गेले तेव्हा खाट ओली होती. नव्या कोब्यावर ओघळ आला होता. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी तिचा गाऊन ओढून काढला आणि म्हणाले, "मोठ्यानं हाक मारायला काय होतं तुला?"

"मारली," ती म्हणाली.

"मोठ्यानं म्हणतेय मी."

मी तिला पुसलं, तेही जोरातच. अक्का अंगणात येऊन नाकाला पदर लावून उभ्या होत्या. "कोबा फिनाईलनं धू," म्हणाल्या. "सिमेंटमध्ये वास मुरतो."

मी आता मधेमधे जाऊन येते. रोज जमतंच असं नाही. ह्यांना शीट धरायला मी लागते, आणि शीट निम्मी कापून झाली असताना सोडून जाता येत नाही. पण खाट परत ओली झालेली नाही. अक्का शेजारणीला सांगत होत्या, म्हातारी आता शहाण्यासारखी राहते, काही त्रास नाही तिचा.

सकाळी मी आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवते. संध्याकाळी तो तेवढाच भरलेला असतो. तिचे ओठ सोलले आहेत. मी पाणी पाजायला गेले की ती तोंड मिटून घेते आणि मशीनच्या खोलीकडं बोट दाखवते. संध्याकाळी आवाज थांबला की पिते म्हणते.