खारदांड्याच्या खडकांवर भुरीची वाट पाहताना

रविवारी सकाळी सातला मी चेंबूरहून पुन्हा खारदांड्याला निघालो. पिशवीत दोरी, पाण्याची बाटली, बिस्किटं आणि भुरीचा फोटो छापलेले वीस कागद.

भुरी माझ्या आत्याची कुत्री. आत्या लग्नासाठी अकोल्याला गेली होती, सोमवारी परतणार होती, तोवर भुरी माझ्याकडे. शनिवारी संध्याकाळी नितेशच्या भावाची हळद होती. नितेश माझा मित्र, दांड्याचा कोळी. भुरीला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून सोबत नेली. गळ्याला काचेल म्हणून पट्टा एक भोक सैल केला. बँड सुरू झाला, ताशा तिच्या कानाशी कडाडला आणि माझ्या हातात नुसता पट्टा उरला. अंधार पडेपर्यंत शोधून मी घरी परतलो होतो.

कुणाला जायचं असेल तर सांगतो: चेंबूरहून वांद्र्यापर्यंत बस, पुढे रिक्षा. रिक्षावाल्याला ‘दांडा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो खार स्टेशनापाशीच उतरवतो. रविवारी सकाळी तासाभरात पोचलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून टोपली आली तर भिंतीला चिकटावं लागतं. शेवटच्या घरापुढे बांबूंच्या रांगा आणि त्यांवर वाळत घातलेले बोंबील. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टाकतात, गाठ मारत नाहीत. घाईत असूनही मी ते बघत उभा राहिलो.

“झोपलास का रे रात्री?” नितेशने विचारलं.

“नाही.”

“दिसतंय. तोंड बघ, वाळत घातल्यासारखं झालंय. चहा घे आधी.”

चहा घेताना आत्याचा फोन आला. “भुरीने खाल्लं का?” तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं.  ती म्हणाली, “तिला पाण्याची लई भीती हाय, बाबू. समुद्राकडं जाऊ देऊ नको.”

साडेअकराला ती आम्हाला दिसली, समुद्राकडेच. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवर, होड्यांच्या पलीकडे दीडेकशे पावलांवर, एका खळग्यात अंग चोरून बसलेली. मी “भुरी, भुरी” करत धावलो. ती उठली आणि आणखी दोन खडक लांब गेली. नितेशने तिघांना गोळा केलं, आम्ही फळी करून पुढे सरकलो. ती अगदी टोकाला गेली. मागे समुद्र, पुढे आम्ही.

तेवढ्यात नितेशची आई ओरडली. मी तिला मावशी म्हणतो. “काय चाललंय रे तुमचं? मागं फिरा सगळे.”

“मावशी, भरती आली तर?”

“येणारच. आज चतुर्थी. चाराची पाऊणपट किती?”

“तीन.”

“तीनला पाणी भरणार. तिथीची पाऊणपट करायची, झालं.”

मी मोबाइलवर भरतीची वेळ बघितली. तीन वाजून दहा मिनिटं. माझं शिक्षण नववीपर्यंतचं, पण हे गणित मला शाळेत कुणी दिलं असतं तर मी टिकलो असतो.

मावशीने मला समजावलं. त्यांची डोल, म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं, माशामागे धावत नाही. खांबाला बांधून ठेवायची, पाणी मासा घेऊन येतं. “तू डोल हो,” ती म्हणाली. “दोन होड्यांच्या मधी बस. पाठ तिच्याकडं. हाक मारू नको, वळून बघू नको. पाणी वाढलं की ती सुक्याकडं येणार.”

“आणि नाही आली तर?”

“खडकांच्या आणि होड्यांच्या मधल्या घळीत गुडघाभर पाणी झालं की नितेशला पाठवते. तोवर गप बस.”

तिने उकडलेलं हलवा माशाचं डोकं केळीच्या पानावर दिलं. ते माझ्यामागे हातभर अंतरावर ठेवलं आणि सगळे गेले. एक वाजला होता. मला कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघायची सवय आहे. एक तास मागे न बघता बसणं म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही. कानांनीच समजत होतं: लाट आधी लांब आपटत होती, मग जवळ, मग घळीत पाणी खळखळायला लागलं. नितेश घराच्या ओट्यावरून बोटांनी खुणा करत होता. पोटरीएवढं. मग थोडं वर. त्याने पँट दुमडायला घेतली आणि थांबला.

मागे पाण्यात छपछप झाली. मग ओल्या पंजांचा आवाज. मग माशाचं डोकं मोडल्याचा कडकन आवाज. मी हललो नाही. थोड्या वेळाने माझ्या पाठीला काहीतरी ओलं आणि थरथरतं टेकलं. मी हात मागे नेला, पट्टा चढवला, या वेळी घट्ट. मग रडलो, ते मावशीने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तिच्याकडेच भात आणि बोंबलाचं कालवण जेवलो. गावात बाहेर खायचं असेल तर रविवारी बाराच्या आत जा, नंतर ताजं उरत नाही. परतताना भुरी रिक्षात माझ्या पायांवर झोपली होती.

सोमवारी आत्या आली. भुरीने तिला चाटून घेतल्यावर मी सगळं सांगितलं, पट्ट्याचंही. मनात अडकलेलं एक शेवटी विचारलं, “आत्या, ती माझ्याकडे आली की नुसती पाण्याला घाबरून पळाली?”

आत्याने विचारलं, “तू बसलास तिथं तुझ्या पुढं काय होतं?”

“गल्ली. गाव.”

“मोकळं?”

“मोकळं.”

“मग तुला टेकून बसली कशाला तिथं?” आत्या म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.