लाल चंद्रावरचा संप

मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी, खिडकीला ओला पंचा लावलेल्या आमच्या लालबागच्या खोलीत, संगणकाच्या फुगीर पडद्यातून लाल उजेड सांडायचा आणि त्या उजेडात दोरीवरच्या बनियनपासून फळीवरच्या पितळी डब्यांपर्यंत सगळं घर अंतराळात कुठेतरी वसल्यासारखं दिसायचं… तापलेल्या प्लास्टिकचा वास, शेजारी भाजल्या जाणाऱ्या सुक्या बांगड्याचा वास, खोबरेल तेलाने थबथबलेल्या डोक्यांचा वास – माझ्यापुरता अंतराळाचा वास आजही तोच आहे, शास्त्रज्ञ काहीही म्हणोत.

खेळ एकट्याने खेळायचा होता, असं खोक्यावर स्वच्छ छापलेलं होतं. पण आमच्या चाळीत एकट्याने करायची गोष्ट म्हणजे फक्त आजारपण, आणि तेही घडीभरच. मी माउस धरायची, आणि माझ्या पाठीशी निदान अर्धं लालबाग बसलेलं असायचं; उरलेलं अर्धं दाराबाहेर चपला सांभाळायचं. खेळाच्या पहिल्या भागात मी एका लाल चंद्रावर एक वसाहत उभी केली होती. खाण खणली, खाणकामगारांच्या झोपड्या बांधल्या, आकाशातून उतरणाऱ्या किड्यांच्या झुंडींपासून त्यांना राखलं. प्रत्येक झोपडीला चाळीतल्या कुणाचं तरी नाव होतं, आणि किड्यांनी एखादी पाडलीच तर त्या घरातली बाई लाटणं घेऊन माझ्यावर धावून यायची.

मग माझा थोरला भाऊ, दादा, दादरच्या मित्राकडून त्या खेळाच्या पुढच्या भागाची सीडी घेऊन आला. तोच चंद्र, तीच माणसं, नव्या मोहिमा. एक फत्ते केल्याशिवाय पुढची उघडायची नाही. दोन मोहिमा सुरळीत गेल्या, आणि तिसऱ्या मोहिमेच्या आरंभी चांदीच्या बिल्ल्यांचा सेनापती पडद्यावर येऊन इंग्रजीत म्हणाला, की वसाहतीतल्या खाणकामगारांनी काम थांबवलं आहे. त्यांच्या झोपड्या जमीनदोस्त करा आणि खाण ताब्यात घ्या.

पलंगाच्या कडेला नाना बसले होते. नाना आमचे शेजारी, एके काळी गिरणीत सूतखात्यात होते. संपानंतर गिरणीने त्यांना आत घेतलं नाही आणि ते कुणापुढे वाकले नाहीत. त्यांच्या खोलीतला पंखा कधीचा बंद पडलेला, म्हणून दुपारचे ते आमच्याकडे वाऱ्याला येत. खेळाकडे त्यांनी तोवर पाहिलंही नव्हतं. त्या दिवशी मात्र चष्मा पुसून पुढे वाकले. पडद्यावर खाणीच्या फाटकाशी इवलीइवली माणसं हत्यारं खाली ठेवून उभी होती.

"गो बाय, ती माणसां अशी उभी कित्याक?"

"संप केलाय त्यांनी, नाना. आणि आपल्याला त्यांची घरं पाडायचीत."

"सांगता कोण?"

"हा सेनापती."

नानांनी पडद्यावरच्या सेनापतीकडे बोट रोखलं. "तेका सांग," ते म्हणाले, "आमी पाडूचव नाय."

पण सांगणार कशी? रणगाडे फिरवायला कळ होती, आग ओकायला होती, अख्खं शहर राखेत मिळवायला होती. त्या भल्यामोठ्या पडद्यावर नकार द्यायला तेवढी एकही नव्हती. ज्यांनी तो खेळ रचला त्या विद्वानांचा मला आजही असा संताप येतो, की समोर आले तर त्यांच्या हातांत तसलेच माउस देऊन सांगेन, पाडा आधी स्वतःचं घर, मग बोलू.

तेव्हा आम्ही आमच्या परीने नकार दिला. माझे सगळे रणगाडे मी झोपड्यांभोवती कडं करून उभे केले, तोंडं सेनापतीच्या छावणीकडे फिरवून. हल्ला नाही, माघार नाही. मोहीम संपतच नव्हती. लालबाग ते फणसवाडी बातमी पसरली, की वरच्या मजल्यावर चंद्राचा संप चालू आहे. बायका कोकम सरबत आणायच्या, म्हातारे गिरणीच्या गेट मीटिंगसारखी भाषणं ठोकायचे, आणि सेनापती मधूनमधून उगवून धमकी द्यायचा. मी ती मराठीत सांगायची आणि नाना ताठ होऊन गरजायचे, "तेका सांग, हिंमत आसात तर गेटार ये!" त्याआधीच्या कित्येक वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. गिरणी सुटल्यापासून बारीक झालेला माणूस त्या आठवड्यात, शपथेवर सांगते, वीतभर उंच झाला होता.

दादा मात्र धुमसत होता. "ए युनियन लीडर, ऊठ तिथून. सीडी परत द्यायचीय मला. शेवट कधी बघायचा, माझ्या तेराव्याला?"

"नाना सांगतील तेव्हा," मी म्हणाले.

एका दुपारी आम्ही सगळे शिवडीला बारशाला गेलो. दादा डोकं दुखतंय म्हणून घरी राहिला. परतलो तेव्हा पडद्यावर सोनेरी अक्षरांत विजय झळकत होता. झोपड्यांच्या जागी काळे डाग, खाणीतून निमूट माल वाहणारी नवी माणसं, आणि माझेच रणगाडे, तोंडं आत वळवलेले. मी दादाच्या अंगावर धावून गेले, चावलेसुद्धा. आईने आम्हाला सोडवलं. नाना दारातच उभे होते.

"माणसां खंय गेली?"

"अहो नाना, खेळ आहे हा. माणसं कसली?" दादा हसला, पण नानांचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. "हवं तर मोहीम पहिल्यापासून लावून देतो. एक कळ दाबायची, सगळे परत उभे राहतील."

"मोडलेलो संप परत उभो ऱ्हवता काय रे, झिला?"

आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. नानांनी चपला घातल्या आणि ते गेले. त्यानंतर ते आमच्याकडे वाऱ्याला आले नाहीत. उरलेला सबंध उन्हाळा गॅलरीत, तापल्या कठड्याला टेकून, मानेवर ओला टॉवेल टाकून बसून राहिले. मी बोलवायला गेले की म्हणत, "हयसर बरो वारो आसा." वारा कसला… भट्टीतली झळ होती ती. दादा मात्र आत, पंख्याखाली, एकेक मोहीम फत्ते करत गेला, आणि प्रत्येक विजयाची तुतारी गॅलरीपर्यंत ऐकू यायची.

नाना गेले त्यालाही आता खूप काळ लोटला. तो खेळ आज फोनवर मिळतो, त्याचा शेवट कुणीही फुकट दाखवतं. दादा आता टकला, मधुमेहाच्या गोळ्या खाणारा, तसा मायाळू माणूस आहे. परवा जेवता जेवता म्हणाला, "अगं, त्या सेनापतीचं शेवटी काय होतं माहितेय? फार जबरदस्त आहे. सांगू?"

"नको," मी म्हणाले.

"इतकी वर्षं झाली गं…"

मी त्याला आमटी वाढली. तो खाली मान घालून जेवत राहिला.