अनिपा आपाची ओंजळ

माझ्या गाडीत मागच्या सीटवरची कोपऱ्यातली जागा अनिपा आपाची. किर्गिझ डोंगरातल्या आमच्या गावातल्या कुठल्याही गरोदर बाईला घाट ओलांडून शहरात न्यायची झाली की म्हातारी न बोलावता फाटकाशी उभी. ना नात्याची ना गोत्याची. नवख्या माणसाला वाटतं, सुईण असेल. सुईण कसली! जन्मभर सामुदायिक शेतीच्या गोठ्यात गाईंच्या धारा काढल्या तिनं. कुणी विचारलंच तर म्हणते, "कुबान पेंगतो गाडी चालवताना. लक्ष ठेवायला हवं." मी पेंगतो म्हणे! त्या घाटात पेंगलो असतो तर हे सांगायला उरलो असतो का?

खरं कारण मला ठाऊक आहे. बहुतेक सगळं माझ्याच गाडीत घडलं.

आपाची जीभ म्हणजे लोणी. लग्न असो, नवं घर असो, पोरानं पहिलं पाऊल टाकलेलं असो, दुवा द्यायला लोक तिलाच पुढे करायचे. पांढऱ्या दाढीचे म्हातारे हात चोळत बसायचे. तिनं ओंजळ उघडली की सगळ्यांच्या ओंजळी उघडायच्या, आणि ती 'ओमीन' म्हणून तोंडावरून हात फिरवीपर्यंत एकाचीही खाली यायची नाही. तिचा शब्द फळतो म्हणायचे. तिलाही ते ऐकायला आवडायचं. का नाही आवडणार? नवरा गेला, लेक मॉस्कोत झाडू मारतोय, घरात दुसरं आहे काय?

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं ते वर्ष. बाजारच्या दिवशी गाडी खचाखच भरलेली, आणि एर्मेक की झानिश यावरून मेंढ्यांच्या टकरी चाललेल्या. उमेदवाराला किर्गिझ भाषेची परीक्षा द्यावी लागते, ती टीव्हीवर दाखवलेली. एर्मेक असा बोलला की समितीवाल्यांच्या माना डोलल्या. झानिशची मात्र ततपप. निबंध कसाबसा, भाषणात निम्मं रशियन. काठावर पास.

"आईची भाषा येत नाही, तो देश चालवणार!" तुरात नावाचा मेंढ्यांचा दलाल ओरडला. "उद्या चीनचा पाहुणा आला तर हा खाणाखुणा करणार काय?"

"जिभेनं देश चालतो होय रे? मग तुलाच करू राष्ट्राध्यक्ष," बुरुल म्हणाली. बुरुल आमच्या दवाखान्याची दाई. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलंय, माझी दोन्ही पोरं धरून. "दोघांची अंदाजपत्रकं वाचलीस का? एर्मेक म्हणतो, खेड्यांतले छोटे दवाखाने बंद करून शहरात एकच मोठं इस्पितळ बांधीन. म्हणजे आपल्या बाळंतपणाच्या खाटा गेल्या. झानिश त्या ठेवतोय, वर डोंगरातल्या नर्सांना भत्ता देतोय."

"पैसा कुठून आणणार तुझा झानिश? सासऱ्याकडून?" तुरात म्हणाला.

"नवा विमानतळ बांधणार नाही म्हणून स्वच्छ लिहिलंय त्यानं. तू रोज विमानानं जातोस का बाजाराला?" मग ती आपाकडे वळली. "आपा, तुम्हीच सांगा. हिवाळ्यात घाट बंद पडला की कळा सुरू झालेली बाई काय करणार? शहर येईस्तोवर थांब म्हणून सांगणार पोराला?"

गाडीतले सगळे मागं बघू लागले. आपा काय म्हणते ते गाव करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आपानं शाल सावरली आणि हसून म्हणाली, "अगं बुरुल, नाळ कापणारी बाई तू. देशाची तिजोरी कशाला कापायला निघालीस?"

काय हशा पिकला! तुरातनं तर सीटवर थापा मारल्या. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. बुरुलचं तोंड लाल झालं. उतरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्याच आठवड्यात एर्मेक शेजारच्या गावात आला. आपाला न्यायला त्याच्या माणसांनी माझीच गाडी सांगितली. तंबूत दारासमोरच्या मानाच्या जागी तिला बसवलं, खांद्यावर निळी काश्मिरी शाल घातली, मांसाचा मानाचा तुकडा आधी तिच्यापुढे ठेवला. एर्मेक गुडघ्यावर बसला. गोड तर इतका बोलला की मलाच भरून आलं. "आई, तुमच्या दुव्याशिवाय या वाटेला लागायचा नाही मी."

आपानं ओंजळ उघडली. "तुझी वाट मोकळी होवो, लेकरा. घाटात बर्फ नि नदीत पूर तुला न अडवो. तुझ्या दारातून कुणी रिकाम्या हाती न जावो. ओमीन."

शेकडो हात तोंडांवरून फिरले आणि तेवढेच फोन वर झाले. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत घराघरांत. मग काय! एर्मेकला मत न देणं म्हणजे आपाच्या दुव्यावर थुंकणं. गावानं भरभरून मतं दिली. एर्मेक निवडून आला. बोलल्याप्रमाणे वागला, एवढं मात्र मान्य करायला हवं. वर्षभरात ट्रक आला आणि बाळंतपणाच्या खाटा भरून घाटानं घेऊन गेला. आपा रस्त्याच्या कडेला उभी होती. मी म्हटलं, "आपा, अख्ख्या देशानं निवडलाय त्याला, तुमच्या एका ओंजळीनं थोडाच?" ती म्हणाली, "देशाचं देश बघेल. आपल्या गावाला कुणी सांगितलं होतं?" निळी शाल त्यानंतर तिच्या अंगावर दिसली नाही. दुवा मागायला गेलं की म्हणायची, घसा बसलाय. असा कसा घसा, महिनोन् महिने बसणारा?

ऐन थंडीत बुरुलच्या सुनेला, नुरिलाला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, त्यात मूल पायाळू. घाट जेमतेम उघडा. मी सकाळी गाडी काढली तर बुरुल म्हणाली, "आधी आपाच्या फाटकाशी थांबव."

मला वाटलं, आता भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं. ती उतरली, आपासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आपा, वाट लांबची आहे. दुवा द्या." आणि तिनं ओंजळ उघडली. मी उघडली. गाडीच्या दारातून नुरिलानंही उघडली.

आपाचे हात वर आले. "तुझी वाट मोकळी..." एवढं बोलून ती थांबली. तेच शब्द, तीच वाट. ओठ हलत होते, आवाज फुटेना. आम्ही तसेच उभे. ओमीन झाल्याशिवाय हात खाली कसे घेणार? बर्फाची भुकटी तळव्यांवर पडत होती, नुरिलाची बोटं लालभडक झालेली. ती कळ दाबून कण्हली, पण पोरीनं हात खाली घेतले नाहीत.

"आपा," बुरुल हळूच म्हणाली, "ओमीन म्हणा. पोर गारठली."

आपानं ओंजळ मिटली. "माझ्याकडे दुवा नाही गं," म्हणाली, "नुसते हात आहेत." घरात गेली, निळी शाल घेऊन आली, ती नुरिलाच्या अंगाखाली अंथरली आणि शेजारी चढून बसली.

मूल सुखरूप झालं, हे आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. पण घाटात आम्हाला ते माहीत नव्हतं. वरच्या वळणाआधी ट्रक अडकलेला, मी फावड्यानं बर्फ उपसतोय, आत पोर किंचाळतेय. परत येऊन गाडी सुरू केली तेव्हा नुरिलाचे पाय आपाच्या मांडीवर होते, आणि बुरुल पोटावर हात ठेवून पोराची हालचाल चाचपत होती.

"बुरुल," आपा म्हणाली, "त्या बाजारच्या दिवशी तू खरं बोलत होतीस."

"माहीत आहे मला, आपा."

"नाही, तसं नाही." म्हातारीचा आवाज अगदी बारीक झाला. "मलाही माहीत होतं. त्याच दिवशी. तू बोलत होतीस तेव्हाच कळलं होतं मला."

मी आरशात पाहिलं. बुरुलनं मान वर केली नाही.

"पाय घट्ट धरा तिचे, आपा," ती म्हणाली. "पुढं वळण आहे."