आमच्याकडे पाळणा हलणार नाही

आमच्या घरात मोजकं आणि नेमकं लिहिणारा माणूस म्हणजे मी. हे माझं मत आहे आणि ते बदलायची मला अजून गरज वाटलेली नाही. (बाकीच्यांना वाटते.) माझी उभी हयात तार ऑफिसात गेली. तिथे शब्दाशब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे फापटपसारा दिसला की माझ्या कपाळाला आठी पडते.

तर आमची केतकी. हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरी, राहायला वाकडला. तिला सातवा महिना लागला आणि डोहाळजेवण आमच्या सहकारनगरच्या घरी ठरलं. आधी थोडे दिवस सुट्टी टाकून ती आली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि मी तिच्या हाताखालचा माणूस असल्यासारखी बोलायला लागली.

“बाबा, बाळाच्या झोपायच्या जागेत मला काहीही नकोय.”

“काहीही म्हणजे?”

“उशी नको, लोड नको, दुपटी-गोधड्या नकोत, मऊ बाहुल्या नकोत. हलता पाळणा नको, झोळी तर मुळीच नको. एक छोटी, जागची न हलणारी खाट, घट्ट सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि चादरीवर उताणं बाळ. संपलं!”

“अगं, थंडी वाजेल त्याला!”

“म्हणून अंगभर कपडे घालायचे. पांघरूण तोंडावर आलं तर त्याला ते दूर करता येत नाही, बाबा. मऊ उशीत नाक रुतलं तर मान वळवता येत नाही. डॉक्टरांनी नीट समजावलंय मला.”

“पण तुला आम्ही उशीवरच...”

“मी वाचले म्हणून सगळे वाचतात असं नाही ना!”

या मुलीशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ती आईवर गेली आहे. (हे आईला कळू नये.) पण खरी अडचण तिच्या पुढच्या बोलण्यात होती.

“डोहाळजेवणाला सगळे नेमकं हेच घेऊन येणार. मग बाळ झाल्यावर रोज येऊन विचारणार, आमची उशी कुठंय? मला ती कटकट नको. तुम्ही सगळ्यांना आधीच सांगून टाका. तेवढं जमलं तर मी बाळंतपणाला इकडे येते. नाहीतर वाकडलाच राहीन. निनादची आई येईल.”

निनाद म्हणजे आमचे जावई. भला माणूस. त्याची आईही भली. पण म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी नाही? मी खोली रंगवून घेतली होती! सुमनने, म्हणजे आमच्या सौ.ने, डिंक निवडून ठेवला होता! आणि खरं सांगतो, लग्न झाल्यापासून ही पोर यायची ती पाहुण्यासारखी, पर्स खांद्यावरून न काढता. मला ती घरात हवी होती. भांडायला का होईना, पण हवी होती.

“काळजी करू नकोस,” मी म्हणालो. “एका मेसेजमध्ये काम फत्ते.”

“नीट समजावून लिहा हं,” सुमन आतून ओरडली. “विशेषतः वन्संना!”

वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण, कमलताई. राहते कसबा पेठेत. मोहरीची उशी हा तिचा हातखंडा. या उशीवर निजवलं की तान्ह्या बाळाचं डोकं छान गोल होतं, असं तिचं म्हणणं, आणि आमच्या नात्यात तिच्या उशीवर न टेकलेलं डोकं सापडणं कठीण. (“केतकीचं डोकं माझ्यामुळे गोल झालं,” असं ती म्हणाली की सुमन म्हणते, “म्हणूनच पटकन फिरतं.”)

मी घरच्या ग्रुपवर लिहायला बसलो. पहिला मसुदा भलताच लांबला. त्यात उशी होती, दुपटी होती, नाक होतं, मान होती. छे! कापलं. वाचलं. पुन्हा कापलं. शेवटी जे उरलं ते असं होतं:

“डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार आमच्याकडे पाळणा हलणार नाही. केतकीने हे स्वीकारले आहे. तरी बाळासाठी कोणी काही आणू नये.”

काय सुटसुटीत! एक शब्द जास्त नाही! पाठवून दिलं आणि खुशीत तळजाईवर फिरायला गेलो.

टेकडीवर पहिला फोन आला तो वसंताचा. हा सुमनचा भाऊ, खडकीला असतो. एरवी याचा आवाज फोनशिवायही ऐकू येईल. आज अगदी खाली.

“भाऊजी, वाचलं. फार वाईट वाटलं हो.”

“वाईट काय वाटायचंय त्यात? आम्ही खूश आहोत!”

पलीकडे वसंता खाकरला.

“केतकी कशी आहे?”

“मजेत! सकाळपासून आंबोळ्या हाणतेय. अरे, तिचाच तर आग्रह होता.”

“तिचा?”

“मग! हल्लीच्या मुली स्पष्ट असतात. मीही म्हटलं, नको तर नको. उगाच जागा अडते.”

“आणि निनादची आई काय म्हणाली?”

“म्हणाली, बरं झालं, घरातली अडगळ वाचली!”

मग, “भाऊजी, तुम्ही घरी जाऊन जरा पडा,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. मला वाटलं, याने पाळणा आधीच विकत घेतलेला दिसतोय.

घराशी पोचतो तर फाटकात रिक्षा. रिक्षातून कमलताई उतरत होती. डोळे सुजलेले, हातात डबा. मला बघितलं आणि ती पायरीवरच बसून हमसून हमसून रडायला लागली.

“अरविंदा, हे काय रे झालं!”

“अगं ताई, एका उशीसाठी एवढं?”

“उशीचं नाव काढू नकोस! कालच शिवून झाली रे!”

“मग दे की दुसऱ्या कुणाला.”

“दगड आहेस तू, दगड!”

तिने डबा माझ्या हातात कोंबला. मी उघडला. आत पिठलं-भात! आता, कोणाच्या घरी कोणी गेलं आणि चूल पेटली नाही की आपण पिठलं-भात घेऊन जातो. आमच्याकडे कोण गेलं? मी डब्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि माझं सुटसुटीत वाक्य मनात पुन्हा वाचलं. पाळणा हलणार नाही. अरे देवा! घरात पाळणा हलणं म्हणजे मूल होणं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं, आणि मी आपला खाटेच्या पायांबद्दल लिहीत होतो!

“ताई, खाट! खाट हलणार नाही! बाळ हलतंय!”

“भ्रमिष्ट झालाय बिचारा,” ताई रिक्षावाल्याला म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. दारात केतकी. पोट पुढे, हातात आंबोळी.

“आत्या? तू आज कशी? आणि रडतेस काय?”

ताईने तिच्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, उठून पोटावर हात ठेवला. आतून लाथ बसली असणार, कारण ताई अशी काही किंचाळली की वरच्या मजल्यावरच्या क्षीरसागर वहिनी धावत खाली आल्या. मग केतकीला मिठी, पुन्हा रडणं, मध्येच हसणं. सगळं झाल्यावर ती माझ्याकडे वळली. ती मला जे बोलली ते इथे छापता येणार नाही.

केतकीने मोबाइल उघडून माझा मेसेज वाचला.

“बाबा! मी एक काम सांगितलं होतं. एक!”

संपलं, मी म्हटलं. गेली ही वाकडला. “चुकलो गं,” मी म्हणालो. “पण तू इथेच ये. मी कुणाला काही लिहिणारच नाही.”

तिने माझ्याकडे पाठ फिरवली. आत्याला आत नेऊन बसवलं आणि उशी का नको ते सांगितलं. मी जीव मुठीत धरून उभा. एरवी ताईने तिला अख्ख्या कसब्यातली गोल डोकी मोजून दाखवली असती!

“उशी नको?” ताईने विचारलं.

“नको, आत्या.”

“पांघरूण?”

“तेही नको.”

ताईने पदराने डोळे पुसले. “नको तर नको. तू म्हणशील तसं निजव, बाई. बाळ सुखरूप आहे ना? मग ती मोहरी मी फोडणीला घालीन.”

आणि तिने स्वतः एकेकाला फोन लावले. जो तो सुटकेचा निःश्वास टाकत होता, उशीसाठी भांडायचं त्राण कुणात उरलं नव्हतं. डोहाळजेवणाला वसंताने गादीवर ताणून बसणाऱ्या चादरी आणल्या, बाकीच्यांनी अंगभर झबली आणली. एक मऊ बाहुली म्हणून आली नाही! संध्याकाळी ओटी सावरत केतकी म्हणाली, “बाबा, मी इकडेच येतेय.” मी तोंड फिरवून उगाच पंख्याचं बटण शोधलं.

अट मात्र घातली: बाबा ग्रुपवर नकोत. ताईने मला तिथल्या तिथे काढून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे केतकीला दवाखान्यात नेलं, तेव्हा मला घरीच खाटेचे स्क्रू आवळायला ठेवलं होतं. मी घामाघूम होऊन आवळतोय, इतक्यात बेल वाजली. दारात क्षीरसागर वहिनी, हसऱ्या चेहऱ्याने हात पुढे करून उभ्या.

“अहो आजोबा, पेढे काढा! नात झाली!”

“नात? अहो, मला अजून कुणी सांगितलं नाही! तुम्हाला कसं कळलं?”

“तुमच्या घरच्या ग्रुपवर आत्ताच आलं की,” वहिनी म्हणाल्या. “कमलताईंनी मला घेतलंय ना त्यात. तुमच्या जागी!”